स्पर्शाविना सेवा

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर काहुइता नावाचे गाव आहे. १९९२ साली या गावाजवळ राहणाऱ्या ज्यूडी अ‍ॅव्ही आणि लुईस अरोयो या दांपत्याच्या दारी शेजारच्या तीन मुली एक इवलेसे पोरके पिलू घेऊन आल्या. पिलू स्लॉथचे होते. त्याला काय भरवावे, किती भरवावे, ऊब कशी द्यावी, हे खात्रीने सांगणारे त्या काळी कोणी नव्हते. अशी पिले माणसाच्या हाती जगत नाहीत, असाच सर्वसाधारण समज होता. पण दारी आलेल्या जिवाला विन्मुख पाठविणे त्या दांपत्याच्या मनाला पटले नाही. त्यांनी पिलाचे नाव ‘बटरकप’ ठेवले आणि अनुभवालाच गुरू मानून त्याला वाढविले. बटरकप पुढे पंचवीसहून अधिक वर्षे जगली. तिची वार्ता पसरली, तसे लोक जखमी आणि अनाथ स्लॉथ तेथे आणू लागले आणि पाहता पाहता त्या घराचे स्लॉथांचे आश्रयस्थान झाले.

बटरकप मात्र अरण्यात कधीच परतली नाही. माणसाच्या हाती वाढलेला जीव अरण्यात परत कसा पाठवावा, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. जिवाला वाचविणे ही करुणेची पहिली पायरी आणि त्याला त्याच्या हक्काच्या ठिकाणी पोहोचविणे ही शेवटची. या दोन पायऱ्यांमध्ये किती अंतर आहे, हे त्यानंतरच्या तीन दशकांत उमगत गेले. आज कोस्टा रिकातील चांगल्या केंद्रांत सेवेसाठी जाणाऱ्या तरुणांना पहिल्याच दिवशी जो नियम सांगितला जातो, तो जैन कुटुंबात वाढलेल्यांना ओळखीचाही वाटेल आणि अवघडही वाटेल. सेवा मनापासून करायची, पण त्या जिवाला हात लावायचा नाही.

काटकसरीने जगणारा जीव

स्लॉथ मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण वर्षावनांत राहतो. त्याचे दोन गट आहेत. पुढच्या पायांना तीन नख्या असणारा एक आणि दोन नख्या असणारा दुसरा. कोस्टा रिकात दोन्ही गटांतील एकेक जाती आढळते. स्पॅनिश भाषेत त्याला ‘पेरेझोसो’ म्हणतात. या शब्दाचा अर्थच आळशी असा आहे. माणसाने दिलेल्या नावांत इतके अन्यायकारक नाव क्वचितच सापडेल.

स्लॉथची मंद गती हा त्याचा दोष नाही. तो त्याच्या जीवनाचा चोख जमाखर्च आहे. त्याचे मुख्य अन्न झाडाची पाने. पानांतून मिळणारी शक्ती अल्प, आणि ती पचविण्याचे काम दीर्घ. त्याच्या जठरात अनेक कप्पे असतात आणि खाल्लेले अन्न पूर्ण पचून बाहेर पडण्यास कित्येक दिवस लागतात. मिळकत तुटपुंजी, म्हणून खर्चही बेताचा. शरीरात स्नायू कमी, हालचाल संथ, आणि देहाचे तापमानही बाहेरच्या हवेनुसार काही अंशांनी खालीवर होणारे. जेवढे मिळते त्यातच भागवायचे आणि उधळपट्टी करायची नाही, हे सूत्र व्यापारी घरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच्या केसांत हिरवे शेवाळ वाढते, विशिष्ट जातीचे पतंग राहतात, बुरशी असते. एकाच देहाच्या आधाराने अनेक सूक्ष्म जीवांची वस्ती नांदत असते. हे शेवाळ त्याला झाडाच्या हिरवाईत लपण्यासही साहाय्य करते. त्यामुळे त्याचे मळकट दिसणारे केस धुऊन काढण्याचा मोह एखाद्याला झाला, तर ती स्वच्छता त्या जिवाच्या हिताची ठरत नाही.

आठवड्यातून साधारण एकदा तो मलविसर्जनासाठी झाडावरून खाली उतरतो. हीच त्याची सर्वांत असहाय घटका. फांदीला लटकण्यासाठी घडलेले अवयव जमिनीवर त्याचा भार नीट पेलत नाहीत, आणि त्याला फरफटतच पुढे सरकावे लागते. पाण्यात मात्र तो उत्तम पोहतो.

मादी एका वेळी एकाच पिलाला जन्म देते. पिलू कित्येक महिने आईच्या पोटाला बिलगून असते. आई जी पाने खाते, तिच्या ओठांवरची त्यांची चव घेत ते शिकते. अरण्यातील असंख्य झाडांपैकी कोणती आपली, हे ज्ञान आईकडून लेकराकडे असे मुखोमुखी येते. म्हणूनच पोरक्या पिलाने आईबरोबर आपली शाळाही गमावलेली असते.

माणसामुळे आलेले संकट

कोस्टा रिका हा महाराष्ट्राच्या सुमारे एक षष्ठांश एवढा देश. १९४८ साली त्याने आपले सैन्य विसर्जित केले. २०१२ साली करमणुकीसाठी होणाऱ्या शिकारीवर कायद्याने बंदी घातली. २०२१ साली स्लॉथला राष्ट्रीय प्रतीकाचा मान दिला. असा सौम्य देशही स्लॉथांसाठी पूर्णपणे निर्धोक राहिलेला नाही.

रस्ते, वस्त्या आणि पर्यटकांची निवासस्थाने यांमुळे झाडांची सलग रांग तुटते. स्लॉथ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फांदीच्या आधारानेच जातो. फांदी नसेल, तर समोर दिसणारी विजेची तार त्याला वेलीसारखीच वाटते. उघड्या तारांचा धक्का बसून अनेक स्लॉथ मरतात वा भयंकर भाजतात. काही वेळा आई दगावते आणि तिच्या छातीशी असलेले पिलू मागे उरते. जमिनीवरून जाण्याची वेळ आली, तर मोटारी आणि मोकाट कुत्री यांच्या तडाख्यात तो सापडतो.

याशिवाय आणखी एक संकट आहे, आणि ते प्रेमाचे रूप घेऊन येते. स्लॉथच्या चेहऱ्याची ठेवणच अशी आहे की तो सदैव हसतो आहे असे वाटावे. त्याला कवेत घेऊन छायाचित्र काढण्याची हौस वाढली, आणि काही देशांत त्यासाठी अरण्यातून स्लॉथ पकडून आणण्याचा धंदाच उभा राहिला. वस्तुतः भयभीत झालेला स्लॉथ पळत नाही, ओरडत नाही. तो निश्चल होतो. पर्यटक त्या निश्चलतेला शांती समजतो आणि चेहऱ्याच्या ठेवणीला हास्य. २०१९ साली कोस्टा रिकाच्या शासनाने वन्य प्राण्यांना हाती धरून छायाचित्रे काढू नयेत, यासाठी मोहीम सुरू केली, ती याच कारणाने.

स्वयंसेवकाचा दिवस

अशा जखमी आणि पोरक्या जिवांच्या केंद्रात सेवेसाठी जाणाऱ्याची दिनचर्या पाहिली, तर ती घरच्या गोठ्याहून किंवा गावच्या पांजरपोळाहून फार वेगळी वाटत नाही. सकाळी पिंजरे झाडायचे, फांद्या आणि दोर पुसायचे, पाण्याची भांडी घासायची. नंतर परिसरात हिंडून ताजी पाने आणायची. तीन नख्यांचा स्लॉथ खाण्याच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ. सेक्रोपिया नावाच्या झाडाची कोवळी पाने आणि जास्वंदीची फुले त्याला प्रिय. दोन नख्यांचा स्लॉथ तुलनेने सर्वभक्षी असल्याने केंद्रांत त्याला पानांबरोबर वाफवलेल्या भाज्याही देतात. पोरक्या पिलांना बहुधा शेळीचे दूध दिले जाते. तेही अनुभवी सेवक मोजून, थेंबाथेंबाने पाजतात. आईला बिलगण्याची त्यांची उपजत ओढ भागावी, म्हणून पांघरुणे आणि कापडी खेळणी जवळ ठेवतात.

यांखेरीज नोंदी असतात. कोणी किती खाल्ले, वजन किती भरले, मलविसर्जन कधी झाले. पचनाची गती इतकी मंद असते की चूक झाल्याचे तत्काळ दिसत नाही. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून वही हेच वैद्याचे मुख्य साधन. रोजमेळ चुकू न देण्याची सवय ज्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे, त्या घरातील मुलामुलींना या कामाचे मोल सांगावे लागत नाही.

दूरदेशाहून आलेल्या तरुणाची अपेक्षा बहुधा निराळी असते. पिलू कुशीत घ्यावे, त्याला थोपटावे, घरच्यांना ते दृश्य दाखवावे. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला झाडू, कोयता, घमेले आणि सततचा पाऊस येतो. पिलाला स्पर्श करण्याची अनुमती मोजक्या प्रशिक्षित व्यक्तींनाच असते. कारण स्पष्ट आहे. पिलाला माणसाचा लळा लागला, तर ते माणसाला भिणार नाही, आणि माणसाला न भिणारा स्लॉथ अरण्यात फार काळ सुरक्षित राहत नाही. आज कुरवाळणाऱ्या हाताचे मोल उद्या त्या जिवाला चुकवावे लागते.

बंधन हाही अतिचार

या ठिकाणी जैन श्रावकाच्या आचारधर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. प्राण्याला बांधणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. या पाचांत बंधनाची गणना मारहाणीच्या आधी झाली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रतिक्रमणात या अतिचारांचे स्मरण करून क्षमायाचना केली जाते. परंतु बंधन म्हटले की मनासमोर दावे आणि साखळी एवढेच येते. प्रेमाने घातलेली मिठी हेही बंधन असू शकते, हा विचार सहसा येत नाही.

प्राचीन आचार्यांनी बंधनाचाही सूक्ष्म विवेक केला आहे. गुरे पाळणाऱ्या गृहस्थाला बांधणे सर्वथा टाळता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सापेक्ष आणि निरपेक्ष असा भेद केला. जिवाच्या सुखदुःखाची जाण ठेवून, आग लागण्यासारख्या प्रसंगी सहज सोडता येईल असे सैलसर बांधणे वेगळे, आणि त्याची पर्वा न करता जखडून टाकणे वेगळे. स्लॉथ केंद्रातील पिंजऱ्याला हाच निकष लावता येतो. जखम भरेपर्यंतचा पिंजरा हे औषध आहे. जखम भरल्यावरही पाहुण्यांच्या करमणुकीसाठी राखलेला तोच पिंजरा कारागृह ठरतो. पिंजरा तोच, त्यात ठेवण्यामागचा भाव मात्र बदललेला.

अभयदानाला जैन परंपरेत सर्व दानांत श्रेष्ठ स्थान आहे. अभय म्हणजे केवळ मृत्यूच्या भयापासून सुटका नव्हे. दात्याच्या स्वतःच्या सान्निध्याचे भयही त्या जिवाला उरू नये, एवढा त्याचा विस्तार आहे. अपरिग्रहाचा संबंध आपण धन, वस्त्र आणि वास्तू यांच्याशी जोडतो. ‘हे पिलू माझे, मी याला वाढविले’ हा भावही एक परिग्रहच आहे. किंबहुना तो अधिक चिवट आहे, कारण तो पुण्याईचे वस्त्र पांघरून येतो.

परत अरण्याकडे

मानुएल आंतोनियो या पश्चिम किनाऱ्यावरील भागात २०१४ साली ‘स्लॉथ इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन झाली. माणसाच्या हाती वाढलेल्या स्लॉथांना अरण्यात परत कसे न्यावे, हाच तिच्या कार्याचा गाभा. पिंजऱ्याचे दार उघडून प्राण्याला एकदम सोडून देणे म्हणजे त्याला टाकून देणेच होय. म्हणून ही सुटका टप्प्याटप्प्याने होते. प्रथम पिलाला रोज झाडांवर नेऊन चढण्याचा सराव. अरण्यातील निरनिराळ्या पानांची ओळख. नंतर अरण्यातच उभारलेल्या मोठ्या पिंजऱ्यात काही काळ वास्तव्य. मग एके दिवशी त्याचे दार उघडे ठेवायचे. स्लॉथ बाहेर जातो, परत येतो, पुन्हा जातो. त्याच्या गळ्यात संदेशलहरी सोडणारा पट्टा असतो आणि सेवक दुरून, रात्रीबेरात्रीही, त्याचा माग ठेवतात. तो स्वतः पाने शोधू लागला, वजन टिकवू लागला, की पट्टाही उतरविला जातो.

याच देशातील ‘स्लॉथ कॉन्झर्वेशन फाउंडेशन’ या संस्थेने संकटाच्या मुळाशी हात घातला आहे. डॉ. रेबेका क्लिफ या प्राणिशास्त्रज्ञ महिलेने स्थापिलेली ही संस्था तुटलेल्या झाडांच्या रांगा जोडण्यासाठी उंचावर दोरांचे पूल बांधते आणि नवी झाडे लावते. स्लॉथ जखमी झाल्यावर त्याला उचलून आणण्यापेक्षा तो जखमी होऊच नये, ही दृष्टी. दोराचा पूल बांधणाऱ्याला त्यावरून जाणारा स्लॉथ कदाचित कधी दिसणारही नाही. ज्या सेवेत सेव्य दिसत नाही आणि आभारही मानीत नाही, तिला गुप्तदानाच्या पंक्तीत बसविण्यास हरकत नसावी.

घराजवळची उदाहरणे

सोडून देण्यातील ही करुणा जैन समाजाला नवी नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील श्री दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय अनेक दशकांपासून चालू आहे. तेथे जखमी पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात आणि बरा झालेला पक्षी आकाशात सोडला जातो.

पण प्रत्येक जीव सोडता येतोच असे नाही. याचे उदाहरणही भारतातच आहे, आणि योगायोगाने त्याच्या इंग्रजी नावात स्लॉथ हा शब्द आहे. आपल्या अस्वलाला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या लांब नख्या पाहून त्याला स्लॉथच्या कुळात टाकले. चूक पुढे ध्यानात आली, तरी नाव राहिले ते राहिलेच. या अस्वलांच्या पिलांचे नाक टोचून, दात पाडून, त्यांना रस्तोरस्ती नाचविण्याची प्रथा शतकानुशतके चालली. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने अशी शेकडो अस्वले सोडविली आणि २००९ साली ही प्रथा संपुष्टात आली. अस्वले नाचविणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा उद्योग आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळवून देण्याचे कामही सोबत झाले. प्राण्यावरील दया माणसाच्या चुलीचा विचार न करता टिकत नाही, हे त्यातून दिसले.

आग्र्याजवळ कीठम येथील निवारा केंद्रात ही अस्वले ठेवण्यात आली. दात नसलेले, माणसाच्या हाती वाढलेले अस्वल अरण्यात जगू शकत नाही. त्याचा आजन्म सांभाळ हेच त्याला दिलेले अभयदान. पांजरपोळाची परंपरा अशाच जिवांसाठी निर्माण झाली. ज्याला सोडता येईल त्याला सोडावे, ज्याला सोडता येणार नाही त्याला अखेरपर्यंत सांभाळावे, आणि आपला जीव कोणत्या प्रकारातला हे स्वतःच्या ओढीने न ठरविता त्याच्या हिताने ठरवावे. सेवेतील खरा विवेक येथे आहे.

जाण्यापूर्वी

महाविद्यालयीन वयाची मुले-मुली हल्ली अशा सेवेसाठी परदेशी जाण्याची इच्छा व्यक्त करतात. बहुतेक केंद्रे स्वयंसेवकाकडून निवास-भोजनाचे शुल्क घेतात आणि त्यातूनच प्राण्यांचाही खर्च काही अंशी भागतो. त्यात गैर काही नाही. परंतु माल पारखून घेणाऱ्या घरांनी येथेही काही प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पहिला प्रश्न, स्वयंसेवकाला पिलू हाती घेऊ देणार का? ‘हो’ असे उत्साहाने उत्तर आले, तर सावध व्हावे. दुसरा, गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती अरण्यात परतले आणि किती दगावले? प्रामाणिक संस्था तिन्ही आकडे सांगते. तिसरा, सोडलेल्या प्राण्यावर पुढे किती काळ देखरेख ठेवता? चौथा, केंद्राला शासनाची मान्यता आहे का आणि पशुवैद्य कायम उपलब्ध असतो का?

काही प्रश्न स्वतःलाही विचारावेत. कोस्टा रिकात तांदूळ आणि घेवड्याचा ‘गायो पिंतो’ हा पदार्थ घरोघरी असतो, फळे विपुल असतात, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. मात्र त्यात कांदा असतो, म्हणून आपले नियम आधीच कळवावेत. केंद्रात प्राण्यांसाठी पाने तोडावी लागतात, प्रसंगी गाजर-रताळी चिरावी लागतात. कंदमुळांचा त्याग केलेल्या व्यक्तीने याचा निर्णय घरातील ज्येष्ठांशी, आणि शक्य असेल तर गुरुजनांशी बोलून, निघण्यापूर्वी करावा. ऐन कामाच्या वेळी माघार घेतली, तर त्याचा भार उपाशी जिवावर पडतो.

आणि कोस्टा रिकाला जाणे प्रत्येकाला शक्य नाही, आवश्यकही नाही. गावच्या पांजरपोळात गोठा झाडण्यास, संक्रांतीच्या सुमारास मांज्याने जखमी झालेले पक्षी उपचारापर्यंत पोहोचविण्यास, उन्हाळ्यात पाण्याची भांडी रोज घासून भरण्यास पारपत्र लागत नाही. तेथेही नियम तोच. छायाचित्रापुरती सेवा नको आणि जिवाला आपलासा करण्याचा हट्टही नको.

स्लॉथ अरण्यात परतताना मागे वळून पाहत नाही. तो आपल्या संथ गतीने एकेक फांदी धरत वर जातो, आणि थोड्याच वेळात पानांच्या हिरवाईत दिसेनासा होतो. महिनोन्‌महिने त्याच्यासाठी पाने आणणारा सेवक खाली रिकाम्या हातांनी उभा असतो. त्याच्या वहीतील त्या स्लॉथच्या नावापुढचा रकाना त्या दिवसापासून कोरा राहतो. व्यापाराच्या वहीत कोरा रकाना म्हणजे थांबलेला व्यवहार. या वहीत मात्र फिटलेले ऋण त्याच कोऱ्या जागेने दिसते.